लग्न एक दिवस अलीकडे

"हेमा, जरा परसात ये. आत्ताच्या आत्ता."

इस्माईलचाचा मागच्या दारात उभे होते. मी पाटावर बसले होते. दोन्ही गालांना, हातापायांना हळद लागलेली, भोवती आत्या-माम्यांचा गराडा. आमची थोरली आत्या आंब्याचं पान हळदीत बुडवता बुडवता थांबली आणि म्हणाली, "इस्माईल, नवरीला आज परसात बोलवतात का रे? उद्या लग्न आहे तिचं!"

"त्याचंच तर बोलायचंय," चाचा म्हणाले.

त्यांचा चेहरा बघून मी उठले. इस्माईलचाचा परकार आमच्या आबांचे बालमित्र. उभी हयात बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली आणि निवृत्त होऊन पालशेवऱ्याला परत आले, ते एक पितळी बॅरोमीटर आणि पेटीभर वायरी घेऊनच. त्यांच्या गच्चीवर आमचं हवामान मंडळ भरायचं. मंडळ कसलं, आम्ही तिघंच. चाचा, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या कुमुदबाई आणि मी. वारा कुठला, पाऊस किती, हवेचा दाब काय, सगळं रोज मोजायचं आणि उद्याचा अंदाज धक्क्यावरच्या फळ्यावर खडूने लिहायचा, एवढाच आमचा उद्योग. पैसा नाही, मान तर त्याहून नाही. नारळीपौर्णिमेला आम्ही फळ्यावर वादळ लिहिलं, होड्यांची शर्यत रद्द झाली, आणि त्या दिवशी असं लख्ख ऊन पडलं की बघत राहावं. तेव्हापासून कोळीवाड्यात म्हण पडली होती, 'चाचाच्या फळ्यावर पाऊस दिसला की जाळी वाळत घाला, ऊन नक्की.'

"बॅरोमीटरचा काटा खाली बसतोय, बायो," चाचा हळूच म्हणाले. "सकाळपासून थांबायलाच तयार नाही."

"पण रेडिओवर तर वादळ उद्या रात्रीनंतर म्हणालेत. आणि किनाऱ्यावर नक्की कुठे तेही सांगितलेलं नाही."

"नाहीच सांगितलं. ते सगळ्या किनाऱ्याचं बोलतात, आपल्याला पालशेवऱ्याचं बघायचंय. गच्चीवर चल."

हळद लागलेल्या नवरीने उंबरा ओलांडायचा नसतो. मी ओलांडला. मागून आत्याची हाक आली, आईची आली, पण तोवर मी कुंपणापाशी पोचले होते. बाजारातून जाताना भाजीवाल्या बायका हातातला तराजू धरून बघत राहिल्या.

गच्चीवर कुमुदबाई शाळेचा मोठा नकाशा पसरून बसल्या होत्या. चारी कोपऱ्यांवर नारळ ठेवलेले. बातम्यांत वादळाची जागा सांगितली की त्या तिथे लाल टाचणी टोचत. टाचण्या समुद्रातून सरळ वर चालल्या होत्या आणि शेवटच्या दोन थोड्या उजवीकडे, किनाऱ्याकडे वळल्या होत्या.

"वळलंय बघ," बाई म्हणाल्या. माझ्या गालांकडे लक्ष जाताच त्या हसल्या. "अगोबाई, शोभतेस की!"

चाचांनी आपल्या हौशी रेडिओसंचाचा हेडफोन मला दिला. किनाऱ्याकिनाऱ्याने आमच्यासारखीच वेडी माणसं होती. कारवारचा एक दंतवैद्य, वेंगुर्ल्याचे एक निवृत्त कस्टमवाले, गोव्याची एक नन. कुणाचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, पण एकमेकांचा आवाज सगळ्यांना पाठ. दंतवैद्य सांगत होता, "कारवारला वारा फिरला. पाऊस आडवा झालाय." मग नन बोलल्या, नेहमीसारख्या शांत. त्यांच्याकडे माड वाकायला लागले होते.

मी कठड्याशी आले. वारा अजिबात नव्हता. आभाळात उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग, ऊनही होतं. पण खाडीच्या तोंडाशी लाटा वेगळ्या होत्या. लांब लांब, जड, सावकाश येणाऱ्या. वारा नसताना अशा लाटा येतात तेव्हा त्यांना कुणीतरी दुरून ढकललेलं असतं.

"तुझा अंदाज काय?" चाचांनी विचारलं.

"उद्या दुपारी. इथेच, नाहीतर इथून जवळ."

"खात्री?"

आमच्या मंडळाचा नियम होता, खात्री विचारली की दहापैकी आकडा द्यायचा. मी पुन्हा एकदा लाटांकडे पाहिलं. "दहात सात."

"हं," चाचा म्हणाले. "मग लग्न आजच उरका."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण कुमुदबाई टाचण्यांकडे बघत मान हलवत होत्या. उद्याचा मुहूर्त दुपारचा. मांडव किनाऱ्यालगतच्या मैदानात. आबांनी चिपळूणहून माणसं आणून उभा केलेला, गुलाबी आणि पांढऱ्या कापडाचा, झालरी, कमानी आणि वर फिरणारा दिव्यांचा मोर. आणि नवऱ्याकडची शिर्के मंडळी खाडीपलीकडच्या कुडवंड्याहून येणार, ती होडीने.

आबा मांडवातच होते. मोराच्या शेपटीचे दिवे एकाआड एक लागत होते म्हणून वायरमनशी वाद चालला होता. आम्ही तिघं समोर उभे राहिलो तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले.

"अनंता, लग्न आज करू," चाचा म्हणाले. "उद्या हा मांडव राहणार नाही."

आबांनी आभाळाकडे पाहिलं. मग चाचांकडे. "होड्यांच्या शर्यतीला काय म्हणाला होतास तू?"

"ते चुकलं."

"आणि हे?"

"आबा, हे दहात सात आहे," मी म्हणाले.

"सात?" आबांचा आवाज चढला. "माझी एकुलती एक मुलगी. तिचं लग्न मी सातावर हलवू? उद्या ऊन पडलं तर गाव मला काय म्हणेल? व्याही काय म्हणतील? आणि मुहूर्ताचं काय?"

दाजी भटजी बाजूलाच खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "मुहूर्ताची काळजी माझ्यावर सोडा. आज संध्याकाळी गोरज मुहूर्त आहे. गाई घरी परतायची वेळ. त्याला पंचांगाची परवानगी लागत नाही."

"भटजीबुवा, तुम्हीसुद्धा?"

"मला उद्या कुडवंड्याला दुसरंही एक लग्न आहे," भटजी म्हणाले. "आज झालं तर माझीही धावपळ वाचेल."

आबा चिडले, मांडवाला एक फेरी मारून आले आणि शेवटी म्हणाले, "शिर्क्यांकडचे हो म्हणाले, तर माझी हरकत नाही." त्यांच्या तोंडावरून कळत होतं की शिर्क्यांकडचे कधीच हो म्हणणार नाहीत अशी त्यांची खात्री होती. तीही दहात दहा.

कुडवंड्यात फोन ग्रामपंचायतीत एकच, आणि तो लागेना. मग मीच निघाले. बरोबर कुमुदबाई. होडीत बसताना दिसलं, धक्क्यावर बर्फाच्या लाद्या फोडल्या जात होत्या, होड्यांत जाळी भरली जात होती. धाऊ नाखवा म्हणजे कोळीवाड्याचा म्होरक्या. त्याने मला तशी पिवळी बघून तोंडात बोट घातलं.

"नवरी पळून चालली काय गो?"

"नवऱ्याकडेच चाललेय, नाखवा!"

"मग पळ, पळ! उद्या जेवायला येतोच आम्ही. आज रात्री माल आणून टाकतो, म्हणजे उद्या निवांत."

धक्का हसला. होडी सुटली. खाडीच्या मध्यावर त्या लांब लाटा होडीला अलगद वर उचलून खाली ठेवत होत्या. होडीवाला पाण्याकडे बघत वल्हवत होता. एकदाच म्हणाला, "आज पाणी जड आहे."

जयवंत शिर्के कुडवंड्यात कोकमाचा कारखाना चालवायचा. तोवर आम्ही दोनदाच भेटलो होतो. दोन्ही वेळा भोवती इतकी माणसं होती की मला त्याच्यापेक्षा त्याच्या मामांचाच आवाज जास्त ओळखीचा झाला होता. त्याच्या अंगणात पोचले तेव्हा तोही पाटावर बसला होता. उघडा, कमरेला पंचा, आणि नखशिखांत पिवळा. आमच्या बायकांनी मला हळद लावली होती, त्याच्या बायकांनी त्याला जवळजवळ रंगवलं होतं.

गाणं बंद पडलं. कुणाच्या तरी हातातली वाटी खाली पडली. माझी होणारी सासू, माई शिर्के, पदर खोचत पुढे आल्या.

"हे काय? मेलं का कुणी?"

"नाही, माई. सगळी खुशाल आहेत," मी म्हणाले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टाचण्या, कारवारचा वारा, लाटा. सांगताना माझं मलाच ते हास्यास्पद वाटायला लागलं. अंगणात ऊन होतं, कोंबड्या दाणे टिपत होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी सासरी येते आणि ढगांबद्दल बोलते.

"असं कधी झालंय?" माई म्हणाल्या. "पत्रिका छापल्या, मुंबईची माणसं उद्या सकाळी यायची आहेत. आणि तुमच्या त्या फळ्याची गोष्ट खाडीच्या ह्या काठालाही ठाऊक आहे हो."

मी मान खाली घातली. तेवढ्यात जयवंत पाटावरून उठला. हळदीचे ओघळ त्याच्या कोपरांवरून खाली टपकत होते.

"तुम्हाला किती खात्री वाटते?" त्याने मला विचारलं. सगळ्यांसमोर, पण सगळ्यांना सोडून मलाच.

दहा म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. दहा म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण मी म्हणाले, "दहात सात."

त्याने कोपरं पंचाला पुसली. "सात म्हणजे पुष्कळ झालं. कोकमाला बाजारात भाव येईल का, ह्याची मला दहात चारही खात्री नसते, तरी मी दरवर्षी कारखाना सुरू करतो."

"अरे, पण उद्या ऊन पडलं तर?" माई म्हणाल्या.

"ऊन पडलं तर काय, आई? लग्न झालेलं असेल, आणि वर ऊनही असेल. तोटा कुठे आहे?"

"मुंबईची माणसं?"

"ती उद्या येतील तेव्हा त्यांना जेवायला घालू. लग्न चुकलं म्हणून भांडतील, तेवढंच जरा बोलायला विषय मिळेल."

"लोक हसतील, जयवंता!"

"लग्नात नाही हसायचं, तर कधी हसायचं?"

अंगणातल्या बायका खरोखरच हसायला लागल्या. मी त्या पिवळ्या माणसाकडे पाहिलं. ह्या माणसाला मी नीट ओळखतसुद्धा नाही, आणि ह्याच्याशी लग्न करायची मला घाई झाली आहे, हे माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं. माई मात्र हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि ट्रंक उघडून शालू काढू लागल्या. दाराआडून आवाज आला, "बघतेच उद्या, कसलं वादळ येतंय ते!"

पुढचे काही तास मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. आम्ही होकार घेऊन आलो तेव्हा आबा मटकन खुर्चीत बसले, आणि मग उठून असे धावत सुटले की संध्याकाळपर्यंत कुणाला सापडले नाहीत. आचारी म्हणाले, जिलब्या उद्यासाठी ठरल्या होत्या. आत्या म्हणाली, मग आज शिरा करा. आईने केळीची पानं स्वतः कापून आणली. पिपाणीवाले दुसऱ्या गावी होते, त्यांना सायकलवरून उचलून आणलं. आणि आबांनी गावभर, बाजारात, मोहल्ल्यात, कोळीवाड्यात घरोघर निरोप धाडला. लग्न उद्या नाही, आज. गोरजाला. सगळ्यांनी यायचंच, चूल पेटवायची नाही.

वऱ्हाड खाडी ओलांडून आलं ते दृश्य अजूनही गावात सांगतात. दोन होड्या, एकीत वाजंत्री, दुसरीत नवरदेव. लाटेबरोबर होड्या वरखाली होत होत्या, तशी सनई कधी जवळ यायची, कधी पाण्याआड जायची. जयवंतचा फेटा एका हातात, दुसऱ्या हाताने त्याने माईंना धरलेलं. माईंनी डोळे गच्च मिटले होते.

आणि आभाळ! सूर्य खाली उतरला तसं सगळं पश्चिमेचं आभाळ तांब्याच्या घंगाळासारखं तापून लाल झालं. ती लाली मांडवाच्या पांढऱ्या कापडावर, माणसांच्या तोंडांवर, अक्षतांवर. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. दिव्यांचा मोर एकदाचा पूर्ण पेटला आणि आबांनी टाळी वाजवली. अंतरपाटाच्या पलीकडून जयवंत हळूच म्हणाला, "आता साताचे आठ करा." दाजी भटजींनी मंगलाष्टकं थांबवून डोळे वटारले, आणि मग ते स्वतःच हसले.

सगळं गाव जेवलं. कोळीवाडा तर धाऊ नाखवासकट उतरला होता. पंगतीवर पंगती उठत होत्या. शिरा संपला, परत केला. कोळणींनी फेर धरला तेव्हा आत्यापण त्यात घुसली.

शेवटची पंगत उठल्यावर चाचा आबांजवळ आले. "अनंता, तुझी हौस झाली ना? आता मांडव उतरव."

आबांनी मोराकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग पायांतल्या चपला काढल्या आणि स्वतः शिडीवर चढले. खाली धाऊ नाखवाने दोर धरला. कोळ्यांना कापड कसं उतरवायचं ते काय शिकवायचं? शिडांची सवय असलेले हात. वाजंत्री वाजवत राहिले, आणि बघता बघता गुलाबी पांढरा डोंगर घड्या होऊन शाळेच्या वर्गात जाऊन पडला. उरलेल्या एकदोन दिव्यांच्या उजेडात नाखवाने आभाळाकडे पाहिलं, मग आपल्या माणसांना हाक मारली. होड्या खाडीत आत ओढून माडांना बांधल्या गेल्या.

वादळ दुसऱ्या दिवशी आलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा थोडं आधीच. शाळेची इमारत दगडी, म्हणून किनाऱ्याकडचं सगळं गाव आणि सगळं वऱ्हाड तिथेच. बाहेर असा आवाज, की शेजारच्याशी बोलायला कानात ओरडावं लागे. मैदानातले मांडवाचे बांबू एकेक करून काडेपेटीतल्या काड्यांसारखे उडाले. धक्क्यावरचा आमचा फळा पुढे कधीच सापडला नाही. कौलं गेली, माड गेले, आमच्या गोठ्याचं छप्परही गेलं. पण संध्याकाळी वारा पडला आणि धाऊ नाखवाने दारात उभं राहून आपल्या माणसांची गणती केली, तेव्हा गणती बरोबर आली. एकही माणूस कमी नव्हता. नाखवा तिथेच दारात खाली बसला आणि त्याने गुडघ्यांत तोंड घातलं. त्याची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

खाडीला उधाण होतं, त्यामुळे वऱ्हाड अडकलं ते अडकलंच. शिर्क्यांकडची माणसं घरोघर वाटली गेली. माई इस्माईलचाचांच्या घरी. तिथे चाचींनी त्यांना आपल्या हाताने तांदळाची भाकरी खिलवली, आणि त्या दोघी पहिल्या दिवशी जेमतेम बोलणाऱ्या, नंतर गप्पच बसेनात. शाळेच्या पडवीत रोज फुगड्या, रोज गाणी. मुंबईची माणसं रस्त्यात अडकून उशिरा पोचली आणि लग्न चुकलं म्हणून भांडलीच. जयवंतने त्यांना शिरा वाढला.

मी एकदा चाचांच्या गच्चीवर गेले. तारा तुटलेल्या, पण पितळी बॅरोमीटर शाबूत. काटा वर आला होता.

"चाचा, सात बरोबर निघाले आपले," मी म्हणाले. मला फार अभिमान वाटत होता.

ते वायर गुंडाळत होते. "तुझे सात. मी पाचच धरले होते."

"पाच? मग लग्न हलवा म्हणून तुम्हीच तर म्हणालात!"

"बायो, फळ्यावर वादळ लिहिलं असतं तर ऊन नक्की म्हणून कोळीवाडा हसत हसत समुद्रात गेला असता. रेडिओवर समुद्रात जाऊ नका म्हणून सांगत होते, तरी त्यांना होड्यांची तयारी करताना तू पाहिलंस ना? त्या रात्री सगळ्या होड्या जाणार होत्या. मी विचार केला, ही माणसं माझं ऐकणार नाहीत, रेडिओचं ऐकणार नाहीत. पण अनंता सुर्व्याच्या मुलीच्या लग्नाचं जेवण सोडतील?" त्यांनी गुंडाळी माझ्या हातात दिली. "वादळाची खात्री मला पाचच होती. ते जेवायला येतील ह्याची दहात दहा."

खाली मैदानात धाऊ नाखवाची नातवंडं मांडवाच्या उरलेल्या खुंट्यांवरून उड्या मारत होती.

"मग आबांना मांडवाचं कारण का सांगितलंत?"

"अनंताला मांडवाची काळजी होती. ज्याला जी काळजी, त्याला ते कारण," चाचा म्हणाले. "आणि ऊन पडलं असतं, तर दुसऱ्यांदा हसले असते मला. त्यात काय, मला सवय आहे."

मला हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता रडू आलं. चाचांनी चाचींना हाक मारून चहा मागवला.

ही गोष्ट मी जयवंतला लगेच सांगितली, आबांना मात्र पुष्कळ वर्षांनी. ते तेव्हाही आधी चिडलेच.

पाणी निवळल्यावर आमची पाठवणी झाली. सगळा धक्का भरून माणसं उभी. नाखवाने होडीवाल्याला बाजूला सारून स्वतः वल्हं हातात घेतलं, "ह्या नवरीला मीच सोडणार" म्हणून. आई रडत होती, आबा रडत नाही असं दाखवत होते, चाचा गच्चीवरून रुमाल हलवत होते. खाडी आरशासारखी सपाट होती. बगळे काठावर परत येऊन बसले होते.

माई माझ्या शेजारी बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या, आणि खाडी ओलांडेपर्यंतही काही बोलल्या नाहीत. कुडवंड्याचा काठ जवळ आला, तशी त्यांनी माझ्या मुंडावळ्या सारख्या केल्या, घसा खाकरला, आणि जयवंतला ऐकू जाणार नाही अशा बेताने हळूच विचारलं,

"सूनबाई, घरी भात उकडून वाळवायचा राहिलाय. उद्या अंगणात घालू का गो?"

मी मान वर केली आणि आभाळ चांगलं चारी बाजूंनी न्याहाळलं.

"घाला, माई," मी म्हणाले. "खुशाल घाला."